‘सोसून गायला’ : संगीतकारांच्या चरित्रपटांतील एक अन्वयदोष

संगीतकाराचे आयुष्य चित्रपटाचा विषय झाले म्हणजे दिग्दर्शकापुढे पहिली अडचण उभी राहते ती दिसण्याची. गवई किंवा वादक आपल्या आयुष्यातील बहुतेक तास जे करीत असतो त्यात पाहण्यासारखे फारसे काही नसते. एकच स्वरसंगती शंभरदा घोटणे, दुसऱ्याचे ऐकणे, ऐकलेले मनात परतवीत बसणे, या गोष्टी कॅमेऱ्याला फार वेळ धरून ठेवीत नाहीत. उलट त्याच माणसाचे मद्यपान, त्याचे कर्ज, घरातील कलह, रुग्णालयाच्या फेऱ्या आणि अकाली मरण हे सर्व पडद्यावर उत्तम दिसते. साहजिकच चित्रपट जे दिसते ते उचलतो, आणि जे ऐकू येते त्याचे स्पष्टीकरण म्हणून ते आपल्यापुढे ठेवतो. हे स्पष्टीकरण तो शब्दांनी फारच क्वचित करतो. दोन दृश्ये शेजारी ठेवली की त्याचे काम भागते. उरलेले काम प्रेक्षक करतो.

प्रस्तुत लेखकाचे क्षेत्र भाषाविज्ञान आहे. चित्रपट किंवा संगीत या दोहोंपैकी कोणत्याही कलेवर त्याचा अधिकार नाही. पण दोन गोष्टी शेजारी ठेवल्या असता त्यांत संबंध कसा कल्पिला जातो, हा प्रश्न व्याकरणाच्याही घरचा आहे. तेव्हा त्या बाजूने या चरित्रपटांकडे पाहिले असता काय हाती लागते, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

मराठीत दोन क्रिया एका वाक्यात ओवण्याचे सर्वांत सुलभ साधन म्हणजे धातूला लागणारा ‘-ऊन’ हा प्रत्यय. ‘तो जेवून झोपला’ या वाक्यात या प्रत्ययाने केवळ क्रम सांगितला जातो. ‘ती हसून म्हणाली’ येथे क्रम नाही, बोलण्याची रीत आहे. ‘तो घसरून पडला’ येथे घसरणे हे पडण्याचे कारण आहे. आणि ‘इतके शिकून तो अडाणीच राहिला’ येथे तर पहिली क्रिया दुसरीच्या विरोधात उभी आहे. प्रत्यय एक, संबंध चार. यांपैकी कोणता संबंध घ्यावयाचा हे प्रत्यय सांगत नाही. ऐकणारा आपल्या जगाच्या अनुभवावरून ते ठरवितो. विरोध निःसंदिग्ध करावयाचा असेल तर ‘-ही’ जोडून ‘शिकूनही’ म्हणण्याची सोय भाषेने ठेविली आहे.

या प्रत्ययाची दुसरीही एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. संस्कृतातील ‘क्त्वा’ प्रत्ययाचे विधान करताना पाणिनीने दोन अटी घातल्या: दोन्ही क्रियांचा कर्ता एकच असावा आणि पहिली क्रिया आधी घडलेली असावी. मराठीतही सामान्यतः हीच स्थिती आहे. ‘राम जेवून सीता झोपली’ असे कोणी म्हणत नाही. राम जेवला तर झोपावयासही तोच हवा. पण ‘पाऊस पडून चिखल झाला’, ‘छप्पर कोसळून दोन माणसे दगावली’ ही वाक्ये आपण रोज बोलतो. त्यांत कर्ते निराळे आहेत, तरी वाक्य कानाला खटकत नाही, कारण पहिली घटना ही दुसरीचे कारण आहे. (‘वडील जाऊन दहा वर्षे झाली’ यासारखे कालगणनेचे प्रयोग येथे बाजूला ठेवू.) म्हणजे असे की, कर्ते भिन्न असताना मराठी भाषक ‘-ऊन’ हा प्रत्यय सहन करतो तो मुख्यतः कार्यकारणभावाच्या जामिनावर. हा नियम पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

चित्रपटातील दोन दृश्यांचा सांधा मला या ‘-ऊन’सारखा वाटतो. त्याला ‘म्हणून’ ठाऊक नाही, ‘तरी’ ठाऊक नाही, आणि ‘नाही’ तर मुळीच ठाऊक नाही. रशियन दिग्दर्शक लेव कुलेशॉव्ह याचा प्रसिद्ध प्रयोग पुदॉव्हकिनने नोंदवून ठेविला आहे. मोझ्झुखिन या नटाच्या निर्विकार चेहऱ्याचे एकच चित्र निरनिराळ्या दृश्यांना जोडले असता प्रेक्षकांना त्या चेहऱ्यावर कधी भूक, कधी शोक दिसला, आणि त्यांनी नटाच्या अभिनयाची वाखाणणी केली. चेहरा तोच होता. अर्थ सांध्यात होता. वर्गात मी कधी कधी विद्यार्थ्यांना एखाद्या चित्रपटातील लागोपाठची दोन दृश्ये दाखवून एका वाक्यात सांगावयास लावतो. वाक्ये बहुधा ‘-ऊन’ने किंवा ‘म्हणून’ने जोडलेली येतात. ‘आणि’ने जोडलेले वाक्य आले तर तो विद्यार्थी एकतर फार सावध असतो किंवा त्याचे चित्रपटाकडे लक्ष नसते.

आता प्रत्यक्ष उदाहरणाकडे वळू. क्लिंट ईस्टवुड यांचा ‘बर्ड’ (१९८८) मी मुद्दाम निवडला आहे, कारण तो वाईट चित्रपट नाही. वाईट चित्रपटातील दोष दाखविण्यास श्रम पडत नाहीत. तरुणपणी चार्ली पार्करला प्रत्यक्ष ऐकलेल्या आणि जॅझवर मनापासून प्रेम असलेल्या माणसाने तो काढला आहे. पार्करची भूमिका करणाऱ्या फॉरेस्ट व्हिटेकर यांना त्याबद्दल कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे पारितोषिक मिळाले, आणि ध्वनीबद्दल चित्रपटास ऑस्कर लाभले. पार्कर (१९२०–१९५५) हा ऑल्टो सॅक्सोफोनचा वादक. ‘बीबॉप’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या जॅझच्या नव्या वळणाच्या प्रवर्तकांपैकी प्रमुख. हेरॉइन आणि मद्य यांनी त्याचे शरीर पोखरले होते. न्यूयॉर्कमधील एका हॉटेलात, एका हितचिंतक स्त्रीच्या खोलीत, दूरदर्शनवरील कार्यक्रम पाहता पाहता तो वारला, तेव्हा तपासणाऱ्या डॉक्टरने त्याचे वय वास्तविकापेक्षा पुष्कळच अधिक धरले. वास्तविक वय चौतीस होते.

चित्रपट सरळ काळाने चालत नाही. पार्करच्या १९५४ मधील आत्महत्येच्या प्रयत्नाभोवती तो आठवणी, आणि आठवणींच्या पोटात आठवणी, अशी वीण विणतो. अंधार पुष्कळ, पाऊस पुष्कळ. त्याच वर्षी त्याची लहानगी मुलगी वारली होती. तो घाव चित्रपटाच्या मध्याशी ठेविला आहे. या विणीत एक दृश्य पुनःपुन्हा येते: हवेतून गरगरत येणारी एक झांज. १९३६ मध्ये कॅन्सस सिटीतील रीनो क्लब येथे पोरसवदा पार्कर वाजवावयास उभा राहिला, त्याचे वादन भरकटले, आणि काउंट बेसीच्या वाद्यवृंदातील तालवादक जो जोन्स याने झांज काढून त्याच्या पायांशी भिरकावली, अशी ती हकीकत. पोर फजीत होऊन खाली उतरला. (जाता जाता सांगावेसे वाटते की ‘व्हिपलॅश’ या २०१४ च्या चित्रपटातील क्रूर शिक्षक हीच गोष्ट सांगतो, तेव्हा झांज पायांकडून डोक्याकडे सरकलेली असते. लोककथांत पाठभेद कसे होतात ते शिकविताना याहून चांगले आधुनिक उदाहरण मला अद्याप मिळालेले नाही.)

फजितीच्या त्या दृश्यानंतर काय आले पाहिजे? पार्करच्या चरित्रात त्याचे उत्तर आहे. १९३७ च्या उन्हाळ्यात ओझार्क या डोंगराळ भागातील एका कामगिरीवर जाताना त्याने लेस्टर यंगचे वादन असलेल्या ध्वनिमुद्रिका बरोबर नेल्या आणि त्यांतील वादन स्वर न् स्वर उचलले. पुढे १९५४ मध्ये पॉल डेझमंड या सहव्यावसायिकाशी रेडिओवर बोलताना, आपण तीनचार वर्षे दिवसाला अकरा ते पंधरा तास अभ्यास करीत होतो असे त्याने सांगितले. चित्रपटात या अभ्यासाला जवळजवळ जागाच नाही. तेथे आहे तो बस्टर फ्रँकलिन नावाचा एक काल्पनिक सॅक्सोफोनवादक. पार्करची जुनी फजिती त्याला ठाऊक आहे. काही वर्षांनी न्यूयॉर्कला तोच मुलगा काय वाजवितो हे ऐकून तो आपले वाद्य नदीत फेकून देतो. दृश्य म्हणून ते विसरणार नाही असे आहे. पण झांज आणि नदी यांमधील पंधरा पंधरा तासांचे दिवस सांध्यात गडप झाले आहेत, आणि प्रेक्षकाच्या हाती जे वाक्य पडते ते असे: ‘फजीत होऊन तो थोर झाला.’ यातील ‘-ऊन’ने कारणाचा वेष घेतला आहे, वस्तुतः तो क्रमाचाही धड नाही.

मोठा सांधा याच्या पुढचा आहे: व्यसन आणि वादन यांचा. येथे ईस्टवुड यांच्या पदरात त्यांचे माप पुरे टाकले पाहिजे. व्यसनाने वादन चांगले होते असे हा चित्रपट कोठेही म्हणत नाही. रेड रॉडनी हा तरुण ट्रंपेटवादक हेरॉइन घेऊ लागला आहे हे कळल्यावर पार्कर संतापतो, हे दृश्य त्यात आहे. प्रत्यक्षातही पार्करने स्पष्ट सांगून ठेविले होते की, नशेत आपण अधिक चांगले वाजवितो असे म्हणणारा वादक खोटे बोलतो. पण त्या पिढीतील कित्येक तरुणांनी त्याचे शब्द ऐकले नाहीत. त्यांनी त्याचे आयुष्य वाचले, आणि ते ‘-ऊन’ने वाचले. ‘हेरॉइन घेऊन तो असे वाजवितो.’ ही व्याकरणाची चूक पुष्कळांच्या रक्तात उतरली, रॉडनी त्यांतलाच एक. म्हणून हा अन्वयाचा प्रश्न मला केवळ रसिकतेचा वाटत नाही.

भाषेत या वाक्याचे खंडन करणे सोपे आहे. ‘हेरॉइन घेऊन तो असे वाजवीत नव्हता’ एवढे म्हटले की झाले. जरी हे वाक्यही द्व्यर्थीच आहे, कारण यातील नकार घेण्यावर की वाजविण्यावर हे संदर्भावाचून कळत नाही. चित्रपटाजवळ तर नकारच नाही. सुई दाखवावी, मग वादन ऐकवावे, आणि या दोहोंचा संबंध नाही असेही दाखवावे, हे त्याने कसे करावे? चित्रकथेला ‘नाही’ म्हणावयाचे तर कोणा पात्राला तोंडाने म्हणावे लागते. ‘बर्ड’मध्ये ते काम डिझी गिलेस्पीकडे आले आहे. तो पार्करला सांगतो की आपण सुधारक होऊ पाहतो आणि तू हुतात्मा. आणि लोकांच्या ध्यानात हुतात्माच अधिक काळ राहतो. संपूर्ण चित्रपटावरील टीका त्या चित्रपटातच एका पात्राने अशी करून ठेविली आहे. मात्र हे सांगून झाल्यावर चित्रपट पुन्हा हुतात्म्यामागेच जातो.

भाषाविज्ञानात दोन ध्वनी भिन्न वर्ण आहेत की नाहीत हे ठरविताना आपण न्यूनतम युग्म शोधतो: बाकी सर्व समान, भेद एकाच ठिकाणी. गिलेस्पी हा पार्करच्या बाबतीत असे युग्म पुरवितो. संगीत तेच, काळ तोच, मंच तोच, वर्णद्वेषाचा जाच तोच. गिलेस्पी व्यवस्थित राहिला, वाद्यवृंद चालवीत राहिला, आणि १९९३ मध्ये पंचाहत्तराव्या वर्षी वारला. दोन माणसे कधीच सर्वांशी समान नसतात, हा आक्षेप मला मान्य आहे. तरी बीबॉपच्या उत्पत्तीला सुई आवश्यक होती असे मानणाऱ्याने आधी गिलेस्पीचे काय करावयाचे ते सांगावे.

यातना स्वरांत उतरतच नाही असेही मात्र म्हणता येणार नाही. २९ जुलै १९४६ रोजी लॉस एंजेलिसला पार्करने ‘लव्हर मॅन’ हे गीत ध्वनिमुद्रित केले तेव्हा तो कोसळण्याच्या बेतात होता. आरंभ चुकला आहे, स्वर तुटक येतात, श्वास पुरत नाही. त्याच रात्री हॉटेलात गोंधळ झाला, त्याला अटक झाली, आणि पुढे सुमारे सहा महिने कॅमारिलो येथील मनोरुग्णालयात त्याला राहावे लागले. हे मुद्रण प्रसिद्ध केल्याबद्दल त्याने निर्मात्याला कधी क्षमा केली नाही, आणि १९५१ मध्ये तेच गीत त्याने पुन्हा मुद्रित केले. पण चार्ल्स मिंगस यासारखा जाणकार याच मोडक्या मुद्रणाची गणना पार्करच्या श्रेष्ठ वादनात करीत असे! रुग्णालयातून सुटल्यावर लगेच, फेब्रुवारी १९४७ मध्ये, पार्करने ‘रिलॅक्सिन ॲट कॅमारिलो’ मुद्रित केले. ब्लूजच्या नेहमीच्या बारा बारांच्या चौकटीत वाक्ये अशी आडवीतिडवी टाकली आहेत की ऐकणाऱ्याने सम शोधीत राहावे. आणि सगळा नूर प्रसन्न. आता ‘-ऊन’ लावून पाहावे. ‘रुग्णालयात राहून तो असे प्रसन्न वाजवू लागला’ हे वाक्य कोणी चरित्रकार लिहिणार नाही. दुःखानंतर आलेले दुःखी संगीत आपण ‘म्हणून’ने जोडतो, दुःखानंतर आनंदी संगीत आले की आपण तो केवळ क्रम समजतो. साक्षीपुरावा दोन्हीकडे सारखाच आहे.

‘बर्ड’च्या ध्वनीविषयी थोडे विस्ताराने बोलले पाहिजे, कारण कर्त्याचा प्रश्न तेथे येतो. ईस्टवुड यांना पार्करचेच वादन हवे होते. पत्नी चॅन पार्कर हिने जपलेली मुद्रणेही त्यांना मिळाली. त्या व इतर जुन्या मुद्रणांतून पार्करचा सॅक्सोफोन विद्युत्साधनांनी वेगळा काढण्यात आला, मूळ साथ शक्य तितकी पुसण्यात आली, आणि रे ब्राउन, रॉन कार्टर यांसारख्या वादकांकडून नवी साथ वाजवून घेण्यात आली. म्हणजे मृत माणूस एका खोलीत वाजवितो आहे आणि जिवंत माणसे चाळीस वर्षांनी त्याला साथ करीत आहेत. जॅझमध्ये वादक साथीदारांना उत्तर देत असतो. येथे प्रश्न पुसून उत्तर तेवढे राखले आहे. ऐकताना मला नेहमी, एका बाजूचे बोलणे कापून टाकलेला टेलिफोनवरील संवाद ऐकत असल्यासारखे वाटले.

पण पडद्यावर घाम गाळतो तो व्हिटेकर. सोसणारा कर्ता एक, वाजविणारा दुसरा. आणि येथे वर सांगितलेला नियम आठवावा: कर्ते भिन्न असताना ‘-ऊन’ टिकावयाचा तर कार्यकारणभाव असावाच लागतो. एका शरीराची यातना आणि दुसऱ्याच शरीराचा नाद यांना जोडण्यास चित्रपटाजवळ दुसरा टाका नाही, म्हणून तो कारणाचा टाका अधिक घट्ट घालतो. पाऊस पडून चिखल व्हावा तसा एकाने सोसून दुसऱ्याचा स्वर उमटतो. हा माझा तर्क आहे, सिद्धान्त नव्हे. परंतु ज्या चित्रपटांत नट स्वतः गात नाहीत त्यांतच दुःखाच्या दृश्यांना गाणे जोडण्याची हौस अधिक दिसते, हे मला योगायोगाचे वाटत नाही.

मराठी वाचकाला याचे सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे रवी जाधव यांचा ‘बालगंधर्व’ (२०११). नारायण श्रीपाद राजहंस (१८८८–१९६७) यांच्या आयुष्यात चित्रपटाला हवे ते सर्व होते: वैभव, कर्ज, अत्तरांचा आणि शालूंचा षोक, गोहरबाईंमुळे उठलेले वादळ, अखेरची विकलांग वर्षे. आणि एक प्रसंग असा होता की तो कोणत्याही दिग्दर्शकाला टाळता आला नसता. १२ मार्च १९११ रोजी मुंबईस ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता, त्याच दिवशी बालगंधर्वांची चिमुकली मुलगी वारली, आणि ते भामिनीच्या वेषात रंगमंचावर उभे राहिले.

पार्करची मुलगी आणि राजहंसांची मुलगी. दोन चित्रपटांनी एकच प्रकारचा सांधा दोन निराळ्या अर्थांनी घातला आहे. ‘बर्ड’मध्ये अर्थ होतो: मुलगी गेली म्हणून तो मोडला. ‘बालगंधर्व’मध्ये होतो: मुलगी गेली असूनही ते गायले. सांध्यात ‘-ही’ कोठेच दिसत नाही. तो प्रेक्षकाने लावलेला आहे, आणि मराठी प्रेक्षक तो लावील याची दिग्दर्शकाला खात्री होती, कारण ही गोष्ट त्याने घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून तशीच ऐकली आहे. मला यात एक बारीक फरक अधिक मोलाचा वाटतो. ‘म्हणून’ने जोडलेल्या गाण्यात दुःख शोधावे लागते, ‘असूनही’ने जोडलेल्या गाण्यात ते नसावेच लागते. गाणे नेहमीसारखे झाले हाच त्या प्रसंगाचा कळस. नाट्यगृहातील प्रेक्षकांना भामिनी दिसली, बाप दिसला नाही. त्या दृष्टीने ही आख्यायिका पार्करच्या चरित्रपटाहून संगीताविषयी अधिक शहाणी आहे: कलावंताचे कसब त्याच्या घरच्या बातमीपासून वेगळे उभे राहू शकते हे तिला ठाऊक आहे.

पण चित्रपट तेथे थांबू शकत नाही. त्याला नाट्यगृहातील अज्ञ प्रेक्षक आणि चित्रपटगृहातील सुज्ञ प्रेक्षक या दोघांनाही रडवावयाचे आहे. परिणामी ‘असूनही’ हळूहळू फिरून ‘म्हणून’ बनते: दुःख गिळले म्हणून ते थोर. सोसणे हे पुन्हा थोरवीचे प्रमाणपत्र ठरते. मग बारा महिने गावोगाव प्रयोग करणारा, आवाज आणि उच्चार यांची जपणूक करणारा व्यावसायिक नट आपल्या नजरेआड होतो. बालगंधर्वांच्या गाण्यातील शब्द असा स्पष्ट का ऐकू येतो, यमक लांबविताना ते व्यंजनाचे काय करतात, या प्रश्नांकडे वळावयास चरित्रपटाला सवड होत नाही. माझ्यासारख्याला रस त्यातच, हे मी कबूल करतो.

कर्त्याचा प्रश्न येथे चौपदरी आहे. चेहरा सुबोध भावे यांचा, गळा आनंद भाटे यांचा, गायकी राजहंसांची आणि भूमिका भामिनीची. भाटे यांना या गायनाबद्दल राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, ते यथायोग्य होते. लहानपणापासून ‘आनंद गंधर्व’ म्हणून ओळखला गेलेला आणि पुढे भीमसेन जोशींजवळ शिकलेला हा गायक नक्कल करीत नाही. ज्या भाषेत राजहंस बोलत त्या भाषेचा तो जाणता भाषक आहे. ईस्टवुड यांनी मूळ आवाज राखला आणि त्याचा परिसर बदलला. येथे आवाज बदलला आणि परंपरा राखली. आमच्या शास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर पहिल्याने उक्ती जपली, दुसऱ्याने भाषा. दोहोंपैकी मला दुसरा मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो, पण यावर मतभेद होईल.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ (२०२०) हा चरित्रपट नव्हे. त्यातील शरद नेरूळकर कल्पित आहे. तरीही या विषयात त्याला बाजूस सारता येत नाही, कारण ज्या वाक्याचा आपण विचार करीत आहोत ते वाक्यच त्या चित्रपटाचा विषय आहे. व्हेनिसला त्याच्या पटकथेला पारितोषिक मिळाले. शरद शास्त्रीय गायनाचा विद्यार्थी. उदरनिर्वाहासाठी जुन्या ध्वनिमुद्रणांचा व्यवहार करणाऱ्या एका लहानशा कंपनीत काम करतो. वृद्ध, आजारी गुरुजींची सेवा करतो. रात्री मोटरसायकलवरून ओसाड रस्त्यांनी जाताना त्याच्या कानात माई या दिवंगत विदुषीची जुनी व्याख्याने चालू असतात. माई पडद्यावर येत नाहीत. सुमित्रा भावे यांचा आवाज तेवढा येतो, खाली तंबोऱ्याचा नाद असतो, आणि मुंबईचा रस्ता संथ गतीने मागे सरतो. या वाटेने जावयाचे तर एकाकी आणि उपाशी राहावयास शीक, अशा अर्थाचा त्यांचा उपदेश. ‘सोसून स्वर लागतो’ हे वाक्य शरद जणू मंत्रासारखे घोकतो.

चित्रपट या वाक्याची परीक्षा घेतो. शरद सोसतो, लग्न लांबवितो, घरच्यांशी बोलणे टाकतो, रियाज करतो. स्वर लागत नाही, किंवा नेमका सांगावयाचा तर पुरेसा लागत नाही. तो वाईट गात नाही, हे फार महत्त्वाचे आहे. वाईट गायक दाखविणे सोपे होते. आदित्य मोडक हे स्वतः शिकलेले गायक असून पडद्यावर तेच गातात. गुरुजींच्या भूमिकेत मोगूबाई कुर्डीकर व किशोरी आमोणकर यांचे शिष्य अरुण द्रविड आहेत. कॅमेरा दूर, स्थिर. बैठकीतील दृश्ये लांबतात, मध्ये सांधा पडत नाही. सोसणारा आणि गाणारा कर्ता एकच आहे, आणि म्हणूनच (हा ‘म्हणून’ माझा) कारणाचा टाका घालण्याची चित्रपटाला गरज पडत नाही. तान अडखळली तर ती तेथेच, त्याच गळ्यात, आपल्या देखत अडखळते. ती का अडखळली याचे उत्तर मागील दृश्यात शोधावे असे वाटत नाही. पुन्हा ती तानच ऐकावीशी वाटते.

मग एका दुर्मिळ मुद्रणे जमविणाऱ्या समीक्षकाची गाठ पडते, आणि तो माईंबद्दल काही अप्रिय गोष्टी सांगतो. शरद रागाने त्याच्या तोंडावर पाणी फेकतो. त्या गोष्टी खऱ्या की खोट्या हे चित्रपट सांगत नाही. माई थोर गायिका होत्या यात संशय नाही. पण ज्या सोसण्याच्या वाक्यावर शरदने आयुष्य उभारले ते वाक्य बोलणाऱ्या व्यक्तीचे चरित्रच त्या वाक्याशी जुळते की नाही, ही शंका एकदा आत शिरली की बाहेर पडत नाही. शब्दाने ‘नाही’ न म्हणता नकार कसा देता येतो, ते मी या चित्रपटात पाहिले.

आक्षेपाला जागा आहे. दुसऱ्या भागातील व्यंग, दूरदर्शनवरील गायन-स्पर्धेतील त्या मुलीचा प्रवास, हे मला आखीव वाटले. तेथे ताम्हाणे स्वतःच ‘-ऊन’ लावतात, ‘बाजारात जाऊन ती बिघडली’ असे. ते कारणही कोठे तपासलेले नाही.

परंतु शेवटाकडे एक प्रसंग आहे. वय वाढलेला, अंगाने सुटलेला शरद एका मैफिलीत गाता गाता थांबतो आणि उठून जातो. मी हा चित्रपट विद्यार्थ्यांबरोबर पाहिला तेव्हा नंतर तासभर चर्चा चालली ती ‘का उठला?’ यावरच. कोणी वडिलांचे अपयश पुढे केले, कोणी त्या समीक्षकाला दोष दिला, कोणी म्हणाले की त्याला स्वतःचा आवाज प्रथमच नीट ऐकू आला. मी त्यांना तेच वाक्य फळ्यावर लिहावयास सांगितले. ‘तो उठून गेला’ यातील ‘-ऊन’ कोणता, या प्रश्नावर वर्गात एकमत झाले: क्रमाचा.